मेंदूचे दोन गोलार्ध आणि भाषाव्यवहार

१. प्रास्ताविक

ध्वनी, पद, वाक्य आणि अर्थ या पातळ्यांवर भाषेची रचना कशी असते, हे तुम्ही अभ्यासले आहे. ही सारी रचना बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूत कशी सांभाळली जाते, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

या विषयाविषयी एक समजूत तुमच्या कानावर आली असेल. काही माणसे ‘डाव्या मेंदूची’ असतात, ती तर्काने चालतात, गणितात व व्याकरणात पुढे असतात; काही ‘उजव्या मेंदूची’ असतात, ती भावनाशील, कल्पक आणि कलासक्त असतात, असे सांगितले जाते. संसार आणि नोकरी सांभाळून पुन्हा अभ्यासाकडे वळलेल्या विद्यार्थ्याच्या मनात ‘हा विषय आपल्याला जमणार नाही’ अशी शंका पुष्कळदा आधीच असते. तिला असे शास्त्रीय वाटणारे नाव मिळाले की ती अधिकच घट्ट होते. म्हणून या समजुतीत तथ्य किती आणि भर किती, हे नीट पाहणे आवश्यक आहे.

२. गोलार्धांची रचना

अक्रोडाचा गर जसा दोन भागांत विभागलेला दिसतो, तसाच आपला मोठा मेंदू डाव्या आणि उजव्या अशा दोन गोलार्धांत विभागलेला असतो. शरीराशी त्यांचा संबंध उलटा आहे. डावा गोलार्ध शरीराच्या उजव्या बाजूच्या हालचाली घडवतो, तर उजवा गोलार्ध डाव्या बाजूच्या. दृष्टीच्या बाबतीतही असेच घडते. आपण समोर नजर स्थिर ठेवली असता त्या बिंदूच्या डावीकडचे दृश्य प्रथम उजव्या गोलार्धाकडे आणि उजवीकडचे दृश्य डाव्या गोलार्धाकडे जाते.

दोन्ही गोलार्धांना जोडणारा चेतातंतूंचा एक जाड पट्टा असतो. त्याला कॉर्पस कॅलोझम म्हणतात. त्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. या पट्ट्यामुळे एका गोलार्धाला मिळालेली माहिती क्षणार्धात दुसऱ्याकडे पोहोचते.

३. डावा गोलार्ध आणि भाषा

पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षे होता. त्याला सांगितलेले बरेचसे समजे. पण कोणत्याही प्रश्नाला तो ‘तान, तान’ एवढेच उत्तर देई. १८६१ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याचा मेंदू तपासला. डाव्या गोलार्धात कपाळामागील भागाला इजा झालेली आढळली. अशा अनेक रुग्णांच्या अभ्यासानंतर १८६५ मध्ये ब्रोकाने निष्कर्ष मांडला की, बोलण्याचे कार्य मुख्यतः डाव्या गोलार्धाकडे असते.

१८७४ मध्ये कार्ल वेर्निके या सव्वीस वर्षांच्या जर्मन वैद्याने वेगळ्या प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. हे रुग्ण ओघाने बोलत. पण त्या बोलण्यातून अर्थबोध होत नसे आणि इतरांचे बोलणेही त्यांना उमगत नसे. त्यांची इजा डाव्या गोलार्धातच, परंतु कानशिलाकडील मागच्या भागात होती. मेंदूला इजा झाल्यामुळे भाषा अशी बाधित होते, तेव्हा त्या अवस्थेला वाचाघात म्हणतात.

भाषा डावीकडेच असते का, याचे आकडेही उपलब्ध आहेत. मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी एका बाजूच्या रक्तवाहिनीत औषध देऊन तो गोलार्ध काही मिनिटे निष्क्रिय करण्याची पद्धत जून वाडा यांनी विकसित केली. त्या वेळी रुग्णाची वाचा थांबली, तर भाषा त्या बाजूला आहे, असे समजते. रासमुसेन आणि मिल्नर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा चाचण्यांच्या निष्कर्षांत सुमारे ९६ टक्के उजखोऱ्या व्यक्तींची भाषा डाव्या गोलार्धात आढळली. डावखोऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७० टक्के होते. १५ टक्क्यांची भाषा उजव्या गोलार्धात आणि १५ टक्क्यांची दोन्हींकडे होती. म्हणजे डावखोऱ्या माणसाचा मेंदू सरसकट उलटा असतो, ही समजूतही खरी नाही.

या माहितीचा व्यवहारात उपयोग आहे. पक्षाघाताच्या झटक्यात उजवा हात-पाय लुळा पडलेल्या व्यक्तीची वाचाही पुष्कळदा का जाते, हे आता तुमच्या लक्षात येईल. उजव्या अंगाची हालचाल आणि भाषा ही दोन्ही कामे डाव्या गोलार्धाकडे असतात. अशा व्यक्तीची ‘बुद्धी गेली’ असे घरातील माणसे समजतात. परंतु शब्द हरवणे म्हणजे विचार हरवणे नव्हे. माणसे ओळखणे, सुखदुःख जाणणे, आपले काय बिघडले आहे हे समजणे, यांतील बरेच काही शाबूत असू शकते. (अचानक बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हातातील बळ गेले, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.)

४. विलग झालेले गोलार्ध

तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये झटके एका गोलार्धातून दुसऱ्यात पसरू नयेत, म्हणून दोहोंना जोडणारा पट्टा शस्त्रक्रियेने कापला जाई. १९६० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत रॉजर स्पेरी आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल गॅझानिगा यांनी अशा रुग्णांवर प्रयोग केले. या रुग्णांचे रोजचे वागणे जवळजवळ नेहमीसारखेच होते. मात्र पडद्याच्या डाव्या बाजूस एखाद्या वस्तूचे चित्र क्षणभर दाखवले, तर ‘काही दिसले नाही’ असे रुग्ण सांगे; आणि तोच डाव्या हाताने चाचपून नेमकी ती वस्तू उचलून देई. उजव्या गोलार्धाने चित्र पाहिले होते, पण ते सांगण्यासाठी लागणारी वाचा डाव्या गोलार्धाकडे होती. या संशोधनासाठी स्पेरी यांना १९८१ च्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

गॅझानिगा आणि जोसेफ लेडू यांचा पुढचा एक प्रयोग अधिक विचार करायला लावणारा आहे. एका रुग्णाच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पंजा आणि उजव्या गोलार्धाला बर्फाचे दृश्य दाखवले. मग समोरच्या चित्रांतून जुळणारे चित्र निवडायला सांगितले. उजव्या हाताने कोंबडी निवडली. डाव्या हाताने बर्फ उपसायचे फावडे निवडले. फावडे का, असे विचारताच रुग्णाने सहज उत्तर दिले की, कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागतेच. बोलणाऱ्या गोलार्धाला बर्फ दिसलेच नव्हते. तरी त्याने कारण जुळवून दिले.

५. उजवा गोलार्ध आणि भाषा

उजव्या गोलार्धाला पूर्वी ‘मुका’ म्हटले जाई. चेहरे ओळखणे आणि जागेचे भान ठेवणे या कामांत त्याचा वाटा मोठा असतो. त्याला इजा झाल्यास काही रुग्णांचे डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही; ताटातील उजव्या अर्ध्या भागातले अन्न ते खातात आणि डावीकडचे तसेच राहते.

भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे त्याचे कार्य म्हणजे सुरावलीची जाण. ‘फार लवकर आलात!’ हे वाक्य एकदा आनंदाने, एकदा आश्चर्याने आणि एकदा उशिरा आलेल्या माणसाला टोमणा म्हणून मोठ्याने म्हणून पाहा. शब्द तेच, क्रम तोच. अर्थ मात्र तिसऱ्या वेळी उलटा झाला. भारतीय साहित्यशास्त्रात आवाजातील या बदलाला काकू म्हटले आहे, आणि वक्रोक्ती अलंकाराचा एक प्रकार त्यावर आधारलेला आहे, हे तुम्हाला आठवत असेल. उजव्या गोलार्धाला इजा झालेल्या काही रुग्णांना प्रत्येक शब्द कळतो. पण आवाजातील राग किंवा आपुलकी ओळखता येत नाही. काहींचे स्वतःचे बोलणे एकसुरी होते. टोमणा, विनोद, गोष्टीचे मर्म समजणेही अनेकांना अवघड जाते. शब्द आणि वाक्यरचना यांसाठी डावा गोलार्ध प्रामुख्याने आवश्यक असला, तरी संवाद पूर्ण होण्यासाठी दोन्ही लागतात.

६. माणसांची वर्गवारी का टिकत नाही?

विलग गोलार्धांवरील संशोधन गाजल्यानंतर कार्यांच्या विभागणीवरून माणसांची विभागणी करण्याची प्रथा लोकप्रिय लेखनात पडली. शिक्षणक्षेत्रही तिला अपवाद राहिले नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटनमधील ९१ टक्के आणि नेदरलँड्समधील ८६ टक्के शिक्षकांनी विद्यार्थ्यांमधील फरकांचे स्पष्टीकरण डाव्या-उजव्या मेंदूच्या प्राबल्याने मिळू शकते, या विधानाला होकार दिला होता.

२०१३ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ७ ते २९ वर्षे वयाच्या १,०११ व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. भाषा किंवा लक्ष यांसारख्या काही कार्यांचे जाळे एका बाजूस झुकलेले आढळले. परंतु एखाद्या व्यक्तीचा संपूर्ण मेंदूच डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेला असतो, याला पुरावा मिळाला नाही.

शिवाय शिक्षणाने या विभागणीतही फरक पडतो. बेव्हर आणि किआरेलो यांनी १९७४ मध्ये दाखवले की, संगीत न शिकलेल्यांना सुरावट डाव्या कानाने, तर संगीताचा अभ्यास केलेल्यांना ती उजव्या कानाने अधिक चांगली ओळखता येते. कानांचा संबंधही प्रामुख्याने विरुद्ध गोलार्धाशी असतो. यावरून संगीत हे केवळ ‘उजव्या मेंदूचे’ काम आहे, असे म्हणता येत नाही. ते कसे ऐकले जाते, हे अभ्यासाने बदलते.

७. सारांश

मेंदूच्या गोलार्धांत कामांची विभागणी आहे, आणि भाषेच्या बाबतीत ती विशेष ठळक आहे. बहुतेकांचे शब्द व वाक्यरचना डाव्या गोलार्धावर अवलंबून असतात. सूर, भाव आणि सूचित अर्थ यांसाठी उजव्या गोलार्धाची मदत लागते. या विभागणीवरून माणसांचे दोन प्रकार मात्र ठरत नाहीत. व्याकरण अवघड वाटले किंवा कविता उलगडली नाही, तर त्याची कारणे पूर्वतयारी, सराव आणि मिळणारा वेळ यांत शोधावीत. त्यांवर उपाय करता येतो.

स्वाध्याय

१. ब्रोका आणि वेर्निके यांनी वर्णिलेल्या रुग्णांच्या भाषेतील फरक स्पष्ट करा.
२. कोंबडी आणि फावडे यांच्या प्रयोगातून बोलणाऱ्या गोलार्धाविषयी काय कळते?
३. तुमच्या बोलीतील एक वाक्य घ्या. केवळ सूर बदलून त्याचे किती अर्थ होतात, ते घरातील व्यक्तींना ऐकवून नोंदवा.