उपासना आणि भाकर

मराठीत ‘सेवा’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. आपण देवाची सेवा करतो, आणि सरकारी नोकराच्या नोंदवहीलाही सेवापुस्तक म्हणतो. बायबलचा जुना करार मुख्यतः ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला, तिच्यातही असाच एक शब्द आहे, तो ‘अवोदा’. शेतातले काम ते अवोदा, गुलामाची वेठ तीही अवोदा, आणि मंदिरातली उपासना तीही अवोदाच. ख्रिस्ती उपासनेचा विचार करताना आम्ही हाच धागा हाती धरणार आहोत.

ख्रिस्ती मंडळी रविवारी एकत्र जमतात. शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना व गायन होते. कॅथलिकांच्या मिस्सामध्ये आणि प्रॉटेस्टंटांच्या प्रभुभोजनात भाकर व द्राक्षारस पुढे ठेवतात. येशूने अखेरच्या भोजनात या दोन वस्तू शिष्यांना दिल्या, त्याचे हे स्मरण. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ठेवतात ती भाकर. गव्हाची ओंबी नव्हे. ठेवतात तो द्राक्षारस. द्राक्षांचा घड नव्हे. नांगरणारा, कापणारा, दळणारा, भट्टीपुढे उभा राहणारा, या साऱ्यांचे हात लागल्यावाचून ही सामग्री सिद्धच होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) सुधारलेल्या मिस्सामध्ये, अर्पणाच्या प्रार्थनेत जमिनीबरोबर मानवी श्रमाचाही स्पष्ट उल्लेख आहे.

मग प्रश्न असा, की ज्या हातांची भाकर वेदीवर चालते, त्या हातांचे काय? या प्रश्नाला बायबल बगल देत नाही. यशयाच्या ५८ व्या अध्यायात लोक देवाकडे गाऱ्हाणे करतात, की आम्ही उपवास करतो तरी तू पाहत नाहीस. उत्तराचा आशय असा: उपवासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना पिळून घेता, जोखडे मोडा, भुकेल्याला आपल्यातली भाकर द्या, तोच खरा उपवास. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी हातावर ठेवावी, असे अनुवादाच्या २४ व्या अध्यायात सांगितले आहे. येशूनेही मत्तयाच्या ५ व्या अध्यायात सांगितले, की अर्पण करताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपुढेच ठेवावे, आधी त्याच्याशी समेट करावा आणि मग परत यावे.

आता विसाव्याचा दिवस घ्या. अनुवादाच्या ५ व्या अध्यायातली आज्ञा घरधन्यापाशी थांबत नाही. दास, दासी, बैल, गाढव आणि दारी आलेला परका, या सर्वांना विसावा मिळाला पाहिजे. कारण तुम्हीही एकदा मिसर देशात दास होता. ख्रिस्ती लोकांनी पुढे पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार पाळला. मुंबईत राज्यकर्ते ख्रिस्ती होते, दर रविवारी त्यांची चर्चे भरत होती. तरी गिरणीकामगाराला रविवारची हक्काची सुट्टी नव्हती. ती मागितली महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली. विसाव्याच्या आज्ञेचे मर्म मुंबईच्या गिरण्यांत उतरले, ते चर्चच्या घंटेने नव्हे, कामगारांच्या एकजुटीने.

मग कोणी म्हणेल, प्रार्थना सोडा आणि नुसती समाजसेवा करा. आमचे म्हणणे तसे नाही, आणि ख्रिस्ती श्रद्धेचेही नाही. येशूने प्रथम आज्ञा सांगितली ती देवावर सर्वस्वाने प्रेम करण्याची. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची तिच्या पाठोपाठ. या क्रमाला अर्थ आहे. माणूस कशाची तरी भक्ती केल्यावाचून राहत नाही. देवाची केली नाही, तर पैशाची करतो. देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकदम होत नाही, हे येशूने बजावलेच आहे. आणि पैशाची नसली तर पुढाऱ्याची करतो, झेंड्याची करतो. आमच्या कामगार चळवळीनेही हे ऐकून ठेवावे. संघटना माणसासाठी असते. ती स्वतःच मूर्ती होऊन बसली, की सभासद नुसता वर्गणी देणारा उरतो.

तात्पर्य, उपासना माणसाला गुडघे टेकायला शिकवते ते एवढ्याचसाठी, की अन्यत्र कोठे त्याने ते टेकू नयेत आणि दुसऱ्या कोणाला टेकायला लावू नयेत. तिची परीक्षा देवळात होत नाही. सोमवारी सकाळी आपल्या दारात होते. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आठवड्याची सुट्टी आहे काय? आजारपणाच्या दिवसाचे पैसे आपण कापतो काय? सामान घेऊन चार जिने चढून आलेल्या मुलाला आपण पाणी विचारतो काय? ख्रिस्ती असो वा हिंदू, मुसलमान असो वा बौद्ध, या प्रश्नांची उत्तरे ज्याला खाली मान न घालता देता येतील, त्याची प्रार्थना पोचली असे आम्ही समजतो.