हवा गेलेला चेंडू : प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांची चिकाटी

अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात येशूसंघीय परंपरेचे जॉर्जटाऊन विद्यापीठ आहे. तेथील बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांच्या कार्यालयात हवा गेलेला एक चेंडू ठेवलेला असे. खेळ संपल्यावर हाती काय उरणार, हा प्रश्न तो चेंडू खेळाडूंना विचारीत असे. थॉम्पसन यांना या प्रश्नाचे एवढे मोल का वाटावे, हे त्यांच्या जीवनावरून उमगते.

१९४१ साली एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील निरक्षर होते. आई लोकांच्या घरी कामे करीत असे. दृष्टी अधू असल्याने लहानग्या जॉनला वाचता येईना. त्याची बुद्धीच मंद आहे असे ठरवून कॅथलिक शाळेने त्याला बाहेरची वाट दाखविली. आईचा विश्वास मात्र ढळला नाही. पुढे आर्चबिशप कॅरल हायस्कूल व प्रॉव्हिडन्स कॉलेज या कॅथलिक संस्थांतच त्यांचे शिक्षण झाले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१९७२ साली ते जॉर्जटाऊनला आले, तेव्हा आदल्या हंगामात संघाने २६ पैकी केवळ ३ सामने जिंकले होते. १९७५ साली लागोपाठ पराभव होऊ लागले, तेव्हा सामन्याच्या वेळी क्रीडागृहात त्यांच्या वर्णावर घाणेरडी शिवी देणारा आणि 'चालते व्हा' असे सांगणारा फलक झळकला. थॉम्पसन गेले नाहीत. त्याच हंगामात त्यांच्या संघाने राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळविला. १९४३ नंतर प्रथमच हे घडले. १९८४ साली विद्यापीठीय बास्केटबॉलच्या अव्वल श्रेणीचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक ठरले. मात्र 'पहिले' हा गौरव त्यांना सलत असे. आपल्याआधी पात्र माणसे नव्हती असे नव्हे, त्यांना संधीच नाकारली गेली, असे ते म्हणत.

१९८९ साली गुण व प्रवेशचाचणीचे निकष पूर्ण न करणाऱ्या खेळाडूंची शिष्यवृत्ती बंद करणारा नियम संमत झाला. याचा फटका गरीब व कृष्णवर्णीय मुलांना बसणार, हे ओळखून थॉम्पसन सामना सुरू होण्यापूर्वीच मैदान सोडून निघून गेले. नियमाची अंमलबजावणी लांबणीवर पडली. ज्याला बालपणीच 'शिकू न शकणारा' असा शिक्का बसला, त्याला अशा शिक्क्यांची किंमत ठाऊक होती. त्यांच्या हाताखाली चार वर्षे पूर्ण करणाऱ्या खेळाडूंपैकी सुमारे ९७ टक्के पदवीधर झाले.

२०२० साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चिकाटी म्हणजे निमूट सोसणे, असे आपण पुष्कळदा समजतो. थॉम्पसन यांच्या जीवनात तिला दोन बाजू दिसतात : अपमान झाला तरी जागा न सोडणे, आणि दुसऱ्यावर अन्याय होताना जागेवर बसून न राहणे. आपल्या शाळांतील मागच्या बाकावरच्या मुलाकडे पाहताना या दोन्ही बाजू आपण ध्यानी ठेवाव्यात, असे आम्हाला वाटते.