नडगीचं दुखणं अंगावर काढू नका : भरतीसाठी पळणाऱ्या मुलामुलींच्या घरी वाचावं असं काही

पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्या वस्त्यांना पहाटे पाचलाच जाग येते. कुणी डांबरी रस्त्यावर पळतं, कुणी शाळेच्या मैदानावर, कुणी पुलाखालच्या सिमेंटवर. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. त्यातले २० गुण एकट्या धावण्याचे, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. एका गुणावरून यादीतलं नाव जातं हे घरोघरी ठाऊक आहे. त्यामुळे पाय दुखला तरी पोरं घरी सांगत नाहीत.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं. पळायला लागून महिना झाला आणि नडगी दुखू लागली. आधी तिने बाम चोळला, मग पट्टी बांधली. पुढे मेडिकलमधून गोळी आणून ती खायची आणि पळायची. कुणीतरी म्हणालं, "सुरुवातीला सगळ्यांचंच दुखतं, सहन कर." एका सकाळी तिला पाय जमिनीवर टेकवेना. तपासणीत हाडाला बारीक तडा निघाला. ग्राउंडची तारीख आली तेव्हा ती कुबड्यांवर होती. पहिल्याच आठवड्यात थांबली असती तर कदाचित दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पळू शकली असती. तिची भरती गेली ती दुखणं लपवल्यामुळे, एवढं आम्हाला सांगायचं आहे.

नडगी का दुखते?

हाड म्हणजे मेलेलं लाकूड नव्हे. ते जिवंत असतं, रोज थोडं झिजतं आणि रोज भरून निघतं. पळताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. हा भार हळूहळू वाढला तर हाड मजबूत होतं. एकदम वाढला तर झीज पुढे जाते आणि भरून येणं मागे राहतं. मग हाडावरचं पातळ आवरण आणि तिथले स्नायू दुखावतात. तरीही पळत राहिलं तर हाडाला तडा जातो.

बहुतेकांचं कारण एकच असतं. अकॅडमीत बॅच सुरू होऊन दोन महिने झालेले असतात. नवीन पोरगं आज येतं आणि जुन्यांइतकंच पळतं. त्यात बूट घासलेले, रस्ता कडक आणि पोटात फक्त चहा.

बोटाने तपासा

पलंगावर बसून नडगीच्या हाडाची आतली कड वरून खालपर्यंत बोटाने दाबत या.

चार-पाच बोटं रुंदीची पट्टी दुखत असेल, पळायला लागताना दुखून अंग तापल्यावर कमी होत असेल, तर हाडाचं आवरण आणि स्नायू दुखावले आहेत असं धरा. हे विश्रांतीने बरं होतं.

एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, एका पायावर उडी मारली की तिथेच दुखत असेल, चालतानाही किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर तडा असू शकतो. त्याच दिवसापासून पळणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

पळताना पोटरी दगडासारखी घट्ट होते, पाऊल बधिर पडतं आणि थांबलं की बरं वाटतं, असं होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. थांबूनही कळा वाढतच असतील किंवा पाऊल उचलता येत नसेल तर लगेच दवाखाना गाठा.

सरकारी रुग्णालयात केस पेपर काढून अस्थिरोग विभागात जा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बारीक तडा एक्स-रेमध्ये दिसत नाही, हे लक्षात ठेवा. "एक्स-रे चांगला आहे" म्हणून लगेच पळायला लागू नका. दुखणं तसंच असेल तर पुन्हा दाखवा. एमआरआयमध्ये तडा लवकर दिसतो.

घरी काय करायचं?

साधं दुखणं असेल तर किमान दोन आठवडे पळणं आणि उड्या बंद. बर्फ कापडात गुंडाळून दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-पंधरा मिनिटं ठेवा. या दिवसांत सगळंच बंद करायची गरज नाही. दुखत नसेल तर सायकल चालवा, दंडाचे आणि पोटाचे व्यायाम करा. लेखी परीक्षेला १०० गुण आहेत, पळण्याचा वेळ अभ्यासाला द्या.

नडगीच्या हाडावर जोराने चोळू नका. गोळी खाऊन पळू नका, कारण गोळीने दुखणं झाकतं, हाड भरत नाही. उपाशीपोटी रोज घेतलेल्या गोळ्यांनी पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडालाही धोका असतो. "ताकदीचं इंजेक्शन" म्हणून कोणी काही देत असेल तर ते अजिबात घेऊ नका.

पुन्हा पळताना

अर्धा तास भरभर चाललं तरी दुखत नाही, एका पायावर दहा उड्या मारल्या तरी दुखत नाही, मगच सुरू करा. आधी एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, असं वीस मिनिटं आणि एक दिवसाआड. आठवड्याच्या एकूण अंतरात दहावा भागच वाढवा. या आठवड्यात दहा किलोमीटर झालं तर पुढच्या आठवड्यात अकरा. दुखलं की एक पायरी मागे या.

मातीचं मैदान मिळालं तर डांबर टाळा. एकाच दिशेने गोल गोल पळू नका, दिशा बदलत राहा. टाच एका बाजूने झिजलेले बूट बदला. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर स्पाइकआधी साधे, चांगल्या तळाचे बूट घ्या.

पायरीवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करा, पंधरा वेळा, असे तीन फेरे. भिंतीला हात टेकून पोटरी अर्धा मिनिट ताणा. यासाठी दहा मिनिटं पुरतात.

ताटात काय?

पळणाऱ्या पोराला चहा-बिस्किटावर ठेवू नका. नाचणीची भाकरी, तीळ, डाळ, अंडी, जमेल तसं दूध-दही, सुकट किंवा बोंबील यांतून हाडाला लागणारं बरंच मिळतं. दिवसा थोडं ऊन अंगावर घ्यावं.

मुलींच्या आईंना एक खास सांगणं. वजन कमी करण्यासाठी मुलगी जेवण तोडत असेल आणि तिची पाळी लांबली किंवा बंद झाली असेल, तर ती "मेहनतीमुळे" म्हणून सोडून देऊ नका. अंगाला पुरेसं अन्न मिळत नसल्याची ती खूण असते आणि अशा मुलींची हाडं लवकर तडकतात. डॉक्टरांना दाखवा.

घरातल्या मोठ्यांनी आठवड्यातून एकदा तरी विचारावं, "पाय कसा आहे?" पोरगं दुखतंय म्हणालं तर त्याला कामचुकार म्हणू नका. तुम्ही रागावणार नाही हे त्याला कळलं, तर ते दुखणं पहिल्या आठवड्यातच तुमच्या कानावर घालेल.