आकड्यांवरून ओळख: थापरोक्लायडसची सात दशकं

1952 मध्ये जैन या संशोधकांनी मोठ्या तोंडाच्या, बिनखवल्यांच्या वॅलॅगो अट्टू माशाचे कल्ले तपासून एका चपट्या कृमीचं वर्णन प्रसिद्ध केलं. सूक्ष्मदर्शकाशिवाय ज्याची ओळख पटू नये, एवढा हा जीव. आधीच्या कुठल्याच प्रजातीत तो बसेना, म्हणून जैन यांनी नवी प्रजाती मांडली आणि लखनौचे कृमिशास्त्रज्ञ गोबिंद सिंह थापर यांच्या सन्मानार्थ तिचं नाव ठेवलं थापरोक्लायडस. तिच्यातली पहिली जाती थापरोक्लायडस वॅलॅगोनिअस.

हे कृमी मोनोजीनिया गटातले. त्यांना जन्मभर एकच यजमान पुरतो; अंड्यातून निघालेली अळी पोहत जाऊन मासा गाठते. शरीराच्या मागच्या टोकाला मोठ्या, नांगरासारख्या आकड्यांच्या दोन जोड्या आणि कडेनं चौदा बारीक आकडे असतात. कल्ल्यांतून सतत पाणी वाहत असतानाही कृमीची पकड सुटत नाही ती त्यांच्यामुळे. मऊ शरीर आक्रसतं, ताणलं जातं, त्याच्या मापांवर भरवसा ठेवता येत नाही. आकडे आणि समागमाच्या अवयवाचे कठीण भाग मात्र आपला घाट टिकवून धरतात. म्हणून नव्या जातीच्या वर्णनात खरं वजन असतं ते या भागांच्या रेखाटनांना, मायक्रोमीटरमधल्या मोजमापांना आणि संग्रहालयात जपलेल्या स्लाइडला.

1957 मध्ये स्वीडनच्या माल्मबर्ग यांनी अमोनियम पिक्रेट आणि ग्लिसरीनचं मिश्रण वापरात आणलं. त्यात मऊ भाग पारदर्शक होतो आणि आकडे लख्ख दिसतात. रेखाटनं नेमकी होऊ लागली.

नावांचा गुंता मात्र वाढत होता. 1976 मध्ये लेनिनग्राडच्या गुसेव्ह यांनी भारतातल्या गोड्या पाण्याच्या मोनोजीनियांवर मोठं काम प्रसिद्ध केलं आणि अशाच कृमींसाठी सिल्युरोडिस्कॉइडिस ही प्रजाती मांडली. पुढे मलेशियाच्या सुसान लिम यांनी दोन्ही प्रजाती एकच असल्याचं मांडलं. जुन्या नावाचा मान पहिला, या नियमानं 1952 चं नाव टिकलं. 2001 मध्ये लिम, तिमोफेयेवा आणि गिब्सन यांनी आशिया-आफ्रिकेसह जुन्या जगातल्या वॅलॅगोसारख्या मार्जारमीनांवरच्या (कॅटफिश) अशा कृमींचा एकत्रित आढावा घेतला.

त्यानंतर मेरठच्या चौधरी चरण सिंह विद्यापीठात या कृमींच्या रायबोसोमल जनुकांचे क्रम वाचले जाऊ लागले. आकड्यांच्या चित्राशेजारी आता जनुकाची अक्षरंही आली.

या साऱ्या खटाटोपाचं मोल पंगास माशानं दाखवून दिलं. मेकाँगच्या खोऱ्यातला हा मासा भारतात शेतीसाठी आला. महाराष्ट्राच्या जलाशयांतल्या पिंजऱ्यांतही तो वाढवला जातो. भारतातल्या पंगासच्या कल्ल्यांवर जे कृमी आढळले, त्यांत थापरोक्लायडस सियामेन्सिस होता. मूळ मुलखातून माशाबरोबर आलेला हा परका जीव ओळखता आला, कारण लिम यांनी 1990 मध्येच त्याचे आकडे रेखाटून, मापं लिहून ठेवली होती.