यंत्र कळलं नाही, तर चूक कोणाची?

मोबाईलवरून पैसे पाठवायची वेळ आली की आपल्यातली एखादी लगेच म्हणते, "मला नाही बाई जमत, तूच कर." आणि पिनसुद्धा सांगून मोकळी होते. पण यंत्र कळलं नाही, तर चूक आपलीच असते का? माणसं संगणक कसा वापरतात आणि कुठे अडतात, याचा अभ्यास करणारं एक शास्त्र आहे. ते म्हणतं, आधी यंत्राची मांडणी तपासा.

बंगळुरूचं उदाहरण घेऊ. तिथल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात इंद्राणी मेधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्त्यांमध्ये राहणाऱ्या घरकामगार बायकांसाठी संगणकावर काम शोधायची सोय तयार केली. २००६ साली त्यांनी हा अभ्यास मांडला. या बायकांपैकी बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून पडद्यावर अक्षरं ठेवलीच नाहीत. चित्रं होती, आणि प्रत्येक चित्राचा अर्थ सांगणारा आवाज होता. आकडे मात्र ठेवले, कारण ते बऱ्याच जणींना ओळखता येत.

पण चित्रंही पहिल्या फटक्यात जमली नाहीत. कामाचं चित्र काढलं, तर बायकांना ती नुसती जागा वाटायची. मग नळातून पाणी पडताना दाखवलं, तेव्हा कळलं की हे धुण्याचं काम आहे. बायका शिकल्या नाहीत म्हणून त्यांना दोष दिला नाही, चित्र बदललं.

तरीही हात पुढे येईना. यंत्र बिघडेल ही भीती होती. शिवाय, या डब्यात कामाची माहिती येते कुठून, हेच कळत नव्हतं. मग एक छोटी फिल्म दाखवली. मालकीण माहिती देते, ती संगणकात जाते, तिथून कामवालीला मिळते, असा सगळा प्रवास त्यात होता. तो पाहिल्यावर बायकांना संगणक वापरणं कितीतरी सोपं गेलं.

यातून आपण काय घ्यायचं? कोणती कळ दाबायची एवढंच शिकू नका. दाबल्यावर पैसा कुठून कुठे जातो, ते विचारा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून बाहेर जातात. एवढी एक गोष्ट पक्की असली, तर "पैसे पाठवलेत, पिन टाका" म्हणणाऱ्याला तुम्ही फसणार नाही. तसंच अंगठा लावण्याआधी विचारा, "किती रुपयांसाठी?" आणि पावती घ्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगा, आपण नेमक्या कुठे अडतो. वहीत लिहा आणि बँकेच्या माणसापुढे ठेवा. शिकवणाऱ्या मुलींनो, मावशींच्या हातातला फोन काढून घेऊ नका. वेळ लागू दे, पण कळ त्यांच्याच बोटाने दाबू दे.