ज्यू-अरब वैर खरंच ‘हजारो वर्षांचं’ आहे का?

लातूरकडच्या शेतकऱ्याला इस्रायल ठाऊक आहे ते ठिबक सिंचनामुळं आणि अरब देश ठाऊक आहेत ते तिकडं नोकरीला गेलेल्या पोरांमुळं. पण ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर गाझाच्या बातम्या सुरू झाल्या आणि लातूरच्या गंजगोलाईतल्या चहाच्या टपरीवरही दोन पक्ष पडले. मोबाइलवर फिरणारे मेसेज इतिहास म्हणून वाचले जाऊ लागले. खरं तर हा विषय आपल्याला परका नाही. मराठी बोलणारे ज्यू कोकणात शतकानुशतकं नांदले आणि अरब वंशाची चाऊश घराणी नांदेड, परभणी, लातूरकडं आजही आहेत. म्हणून वारंवार कानावर येणारे सहा समज तपासून पाहू.

गैरसमज १ : ज्यू आणि अरब हजारो वर्षांपासून भांडत आहेत.

वस्तुस्थिती : आजच्या भांडणाचं वय साधारण सव्वाशे वर्षांचं आहे. युरोपातल्या छळाला कंटाळलेल्या ज्यूंनी १८९७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला परिषद भरवली आणि पॅलेस्टाइनमध्ये आपलं राष्ट्रीय घर असावं अशी मागणी केली. तेव्हा तो मुलूख उस्मानी तुर्कांकडं होता आणि तिथले बहुसंख्य रहिवासी अरब होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी अरब नेत्यांना स्वातंत्र्याची आशा दाखवली आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये बाल्फोर जाहीरनाम्यातून ज्यूंनाही शब्द दिला. पुढं हिटलरच्या काळात जीव वाचवायला निघालेले ज्यू मोठ्या संख्येनं तिथं पोचले. जमीन कुणाची आणि राज्य कुणाचं, हा वाद त्यानं आणखी पेटला. त्याच्या मुळाशी दोन राष्ट्रवाद आहेत, प्राचीन शाप नाही.

गैरसमज २ : त्याआधी दोघं अगदी गुण्यागोविंदानं राहत होते.

वस्तुस्थिती : हेही अर्धसत्यच. मुस्लिम राजवटीत ज्यूंना धर्म पाळायची मुभा होती. पण जिझिया कर भरावा लागे आणि दर्जा दुय्यम असे. १०६६ साली ग्रॅनडात ज्यूंची कत्तल झाली. प्रसिद्ध ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस याच्या एका आयुष्यात दोन्ही बाजू दिसतात. कॉर्डोबात जन्मलेल्या या माणसाला तिथल्या कट्टर मुस्लिम राजवटीमुळं घर सोडावं लागलं. इजिप्तला पोचल्यावर मात्र तो सुलतान सलाहुद्दीनच्या दरबारी वैद्य झाला आणि आपला सर्वांत गाजलेला ग्रंथ त्यानं अरबीतच लिहिला. १४९२ मध्ये ख्रिस्ती स्पेननं ज्यूंना हाकललं, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना उस्मानी साम्राज्यानं आसरा दिला. थोडक्यात, राजा बदलला की ज्यूंचे दिवस बदलत.

गैरसमज ३ : हे ज्यू विरुद्ध मुसलमान असं धर्मयुद्ध आहे.

वस्तुस्थिती : सगळे अरब मुसलमान नाहीत आणि जगातले बहुतेक मुसलमान अरब नाहीत. पॅलेस्टिनी चळवळीतल्या एका जहाल संघटनेचा संस्थापक जॉर्ज हबश ख्रिस्ती होता. इस्रायलच्या नागरिकांत पाचांतला एक अरब आहे. इजिप्तनं १९७९ मध्ये, जॉर्डननं १९९४ मध्ये इस्रायलशी तह केला. २०२० मध्ये संयुक्त अरब अमिराती आणि बहारीननं संबंध जोडले. जेरुसलेममधल्या पवित्र स्थळांवरून धर्म या वादात ओढला जातो, हे खरं. पण १९२९ साली हेब्रॉनमध्ये दंगलखोरांनी ६७ ज्यूंना मारलं, तेव्हा शेकडो ज्यूंना घरात लपवणारे शेजारीही अरब मुसलमानच होते.

गैरसमज ४ : ज्यू म्हणजे युरोपातून आलेले गोरे लोक.

वस्तुस्थिती : पुण्याचं ससून रुग्णालय ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, ते डेव्हिड ससून बगदादचे. तिथल्या वालीच्या, म्हणजे सुभेदाराच्या, जाचाला कंटाळून ते मुंबईत आले. त्यांच्या घरात अरबी बोलली जाई. पुण्यातल्या ‘लाल देऊळ’ या ज्यू प्रार्थनास्थळाच्या आवारात त्यांची कबर आहे. इराक, येमेन, मोरोक्कोतून गेलेल्या ज्यूंचे वंशज आज इस्रायलच्या ज्यू लोकसंख्येचा फार मोठा भाग आहेत.

आणि आपले कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली? अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी आडनावं त्यांनी गावांवरून घेतली. अलिबागेत इस्रायल आळी आजही आहे. १९४८ नंतर यांतले बहुतेक इस्रायलला गेले. तिथं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी चालवलं. मात्र त्यांचं ज्यूपण पूर्णपणे मान्य व्हायला १९६४ साल उजाडलं, तेही आंदोलन केल्यावर.

गैरसमज ५ : १९४८ च्या उलथापालथीत एकाच बाजूच्या लोकांची घरं गेली.

वस्तुस्थिती : इस्रायलच्या स्थापनेच्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले. काहींना सैन्यानं हुसकावलं, काही भीतीनं पळाले. देर यासिन या पॅलेस्टिनी गावातल्या हत्याकांडानं ती भीती वाढवली होती. परत मात्र त्यांना येऊ दिलं गेलं नाही. पुढच्या दोन-अडीच दशकांत अरब देशांतून आठ लाखांच्या आसपास ज्यू बाहेर पडले. त्यात दंगली, मालमत्तेची जप्ती आणि इस्रायलची ओढ अशी सगळीच कारणं होती. एकाचं दुःख दाखवून दुसऱ्याचं फिटत नाही.

मराठवाड्याला हे समजायला जड जाऊ नये. रझाकारांचा जुलूम आणि १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतरचे दिवस, दोन्हींच्या आठवणी इथल्या घराघरांत आहेत. हैदराबादच्या निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत भागातले अरब पिढ्यानपिढ्या चाकरीला होते. आजचे चाऊश बहुतांशी त्यांचेच वंशज. १८ सप्टेंबर १९४८ ला शरणागती पत्करणारा निजामाचा सेनापती अल् इद्रूस हाही मुळात हद्रमी घराण्यातला. त्यानंतर हैदराबाद संस्थानातल्या अनेक अरबांना ताब्यात घेऊन एडनच्या वाटेनं मायदेशी धाडण्यात आलं. त्याच सुमाराला, १९४९-५० मध्ये, येमेनमधले सुमारे ४९ हजार ज्यू एडनहून विमानांनी इस्रायलला नेले जात होते. येमेनी अरब आणि येमेनी ज्यू, दोघांचीही घडी एकाच काळात विस्कटली.

गैरसमज ६ : भारत पहिल्यापासून एकाच बाजूला उभा आहे.

वस्तुस्थिती : नोव्हेंबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत देणाऱ्या १३ देशांत भारत होता. पण १७ सप्टेंबर १९५० ला भारतानं इस्रायलला मान्यताही दिली. १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राष्ट्राला मान्यता दिली आणि १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. शेजारी नांदणारी दोन राष्ट्रं हा तोडगा भारताला मान्य आहे.

आपल्या देशातली वागणूक याहून बोलकी आहे. भायखळ्याच्या सर जेकब ससून या ज्यूंच्या शाळेत आज बहुतेक मुलं मुसलमानांची आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवाद्यांनी नरिमन हाउसमधल्या ज्यूंना ठार मारलं, तेव्हा मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तान या मुस्लिम दफनभूमीच्या विश्वस्तांनी त्या दहशतवाद्यांना दफनासाठी जागा नाकारली. आणि महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

तेव्हा पुढच्या वेळी मोबाइलवर असा मेसेज आला, तर त्यात साल दिलंय का, गाव दिलंय का, आणि काही माणसांचं कृत्य अख्ख्या समाजाच्या माथी मारलंय का, एवढं बघा. गाझातल्या किंवा तेल अवीवमधल्या निर्णयांचा जाब नांदेडच्या चाऊशाला किंवा अलिबागच्या बेने इस्रायलीला विचारायचा नसतो. मत जरूर बनवा, पण आधी तारखा तपासा.