प्रौढांमधला एडीएचडी: कामं मार्गी कशी लावावीत?

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, हा फक्त मुलांचा विकार आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात अनेकांत तो मोठेपणीही टिकतो. २०१३च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने १७ वर्षांपासून पुढे निदानासाठी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी मानली. एडीएचडी म्हणजे आळस नव्हे. कामाला हात घालणं, वेळेचा अंदाज बांधणं आणि गोष्टी लक्षात ठेवणं तो असलेल्या माणसांना खरोखरच जड जातं. म्हणून सगळं डोक्यात न ठेवता डोळ्यांसमोर मांडावं.

यादीत ‘रिटर्न भरणे’ असं मोघम लिहू नका. ‘फॉर्म १६ची प्रिंट काढणे’ असं लिहा. पहिली पायरी पाच मिनिटांत उरकेल एवढी लहान हवी. २५ मिनिटांचा गजर लावा, मग पाच मिनिटं उठा. विजेचं बिल दारावर चिकटवा. ड्रॉवरमध्ये गेलं की ते विसरलंच. एकट्याने बैठक जमत नसेल, तर कुणाला आपलं काम घेऊन शेजारी बसायला सांगा. एखादी युक्ती लागू पडेनाशी झाली, तर बेलाशक बदला.

एवढं करूनही नोकरी, नाती किंवा पैशांचे व्यवहार विस्कटत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. औषधं आणि समुपदेशन यांचा चांगला उपयोग होतो. स्वतःला दोष देण्यात आणखी वर्षं घालवू नका.